रेपो उतरला, मग कामगार बारा टक्के का मागतात?

पत्राचा सारांश: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एक वाचक मशीनिंगचे युनिट चालवतात. सोळा कामगार आहेत, काम मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवण्याचे. चाळीस लाखांचे व्हीएमसी मशीन (धातूचे भाग कापणारे संगणकचालित यंत्र) घ्यायचे आहे, पण ‘रेपो (रिझर्व्ह बँक इतर बँकांना कर्ज देते तो दर) अजून उतरेल’ म्हणून सहा महिने थांबले आहेत. कामगार १२ टक्के पगारवाढ मागतात आणि महागाईचा सरकारी आकडा दाखवला की हसतात. पोलादाचा व्यापारी सात दिवसांपलीकडे कोटेशन धरत नाही. घरी आग्रह आहे की शिल्लक सोन्यात घाला. ते लिहितात, “आकडे खोटे असतील, नाहीतर रिझर्व्ह बँकेचे बोलणे नुसती हवा असेल. नोटा इथेच नाशिकरोडला छापतात, जास्त छापल्या की भाव वाढतात, एवढेच आम्हाला कळते. मी कशावर विसंबून निर्णय घेऊ?”

नमस्कार.

पत्राचा बराचसा भाग तुम्ही व्याजदराला दिला आहे आणि पगारवाढ चार ओळींत उरकली आहे. हिशेब मांडला तर चित्र उलटे दिसते. ४० लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी ९.७५ टक्क्यांनी घेतले तर हप्ता ६५,८९० रुपयांच्या आसपास बसतो. तुम्ही वाट पाहत आहात तो आणखी अर्धा टक्का उतरला, तर ६४,८६५. म्हणजे महिन्याला हजार रुपयांचा प्रश्न. आता सोळा जणांचा सरासरी पगार १८,००० धरा. एकूण २ लाख ८८ हजार झाले. त्यावर १२ टक्के वाढ म्हणजे ३४,५६० आणि समजा ७ टक्क्यांवर मिटले तर २०,१६०. यातला फरक १४,४०० रुपयांचा आहे, आणि तो दर महिन्याला, कायमचा. रेपोच्या बातमीपेक्षा तुमच्या कामगारांच्या डोक्यातला महागाईचा अंदाज तुम्हाला चौदापट महाग पडू शकतो.

रिझर्व्ह बँकेलाही नेमकी हीच अडचण असते. तिच्या हातात एका रात्रीच्या कर्जाचा दर आहे. पगार, घरभाडे, जॉबवर्कचे रेट हे सगळे लोक ठरवतात, आणि पुढच्या वर्षी भाव कुठे असतील याचा मनाशी अंदाज बांधून ठरवतात. त्या अंदाजावर पकड नसेल तर रेपो कितीही हलवा, परिणाम उशिरा आणि अर्धवट होतो.

आकडे खोटे आहेत हा तुमचा संशय आधी तपासू. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के नोंदला गेला, तेव्हाच्या मालिकेतला सर्वांत कमी. त्याच सुमारास घराघरांतून विचारलेल्या महागाईचे उत्तर मात्र सहा टक्क्यांच्या वर होते. रिझर्व्ह बँक २००५ पासून हे सर्वेक्षण करते. आत्ता भाव किती वाढलेत, तीन महिन्यांनी किती वाढतील, वर्षाने किती, असे प्रश्न १९ शहरांत विचारले जातात. महाराष्ट्रातून मुंबई आणि नागपूर आहेत, नाशिक नाही. उत्तरे बहुतेक वेळा सरकारी आकड्याच्या वरच असतात. लोक खोटे बोलत नाहीत आणि आकडाही बनावट नाही. दोघे दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतात.

शंभर रुपयांचा किराणा तीन वर्षे सहा-सहा टक्क्यांनी वाढला की ११९ होतो. चौथ्या वर्षी महागाई दोन टक्क्यांवर ‘उतरली’, तरी किराणा एकशे साडेएकवीस. वर्तमानपत्र म्हणते दर उतरला, कामगार म्हणतो चार वर्षांत एकवीस टक्के गेले. दोघेही बरोबर आहेत. त्यात माणूस रोज विकत घेतो त्याचेच भाव लक्षात ठेवतो: दूध, भाजी, गॅस. पाच वर्षांतून एकदा घेतलेला टीव्ही स्वस्त झाला हे कोणी मोजत नाही. आणि तुमचा कामगार चुंचाळे किंवा पाथर्डी फाट्याकडे भाड्याने राहत असेल, तर घरमालकाच्या अकरा महिन्यांच्या करारात वाढीचा टक्का बहुधा आधीच छापलेला असतो, बऱ्याच ठिकाणी पाच ते दहा. तो टक्का कोणी महागाईचा आकडा पाहून टाकलेला नसतो, तशी पद्धत पडलेली असते. भविष्याची धास्ती स्टॅम्पपेपरवर अशी कायम होऊन बसते.

कांद्याचे उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातले आहे. २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचे वजन फक्त ०.६४ टक्के होते. पण कांदा कडाडला की सगळीच महागाई वाढल्याची भावना होते. (नाशिक जिल्ह्याचे त्रांगडे असे की भाव चढला की शहरातला माणूस ओरडतो आणि पडला की लासलगावच्या लिलावात शेतकरी. ऑगस्ट २०२३ चे ४० टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरची निर्यातबंदी दिल्लीच्या सरकारची होती. रिझर्व्ह बँकेचा त्यात हात नव्हता, तरी इकडे शिव्या घाऊक दराने सगळ्यांनाच पडतात.) रेपो दर वाढवून कांदा पिकत नाही, हा आक्षेप खराच आहे. व्याजदराचे काम पुढच्या पायरीवर सुरू होते. नवा माल आला की भाव उतरेल असा भरवसा असेल, तर कोणी त्यासाठी पगारवाढ मागत नाही. तो भरवसा नसेल तर भाजीचा भाव पगारात शिरतो, पगारातून जॉबवर्कच्या रेटमध्ये, तिथून पक्क्या मालात. आणि नवा कांदा बाजारात येऊन भाव पडला, तरी पगार आणि रेट परत खाली येत नाहीत. मध्यवर्ती बँकेला ही साखळी दुसऱ्या-तिसऱ्या कडीवर तोडायची असते.

बोलणे नुसती हवा आहे का? कोण बोलतो आणि त्याच्यामागे काय उभे आहे यावर ते अवलंबून आहे. २०१२ च्या जुलैत स्पेनच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवर सात टक्क्यांच्या वर व्याज मागितले जात होते. २६ जुलैला युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी लंडनमध्ये म्हणाले की युरो वाचवण्यासाठी अधिकारात जे बसेल ते सगळे करू. सप्टेंबरमध्ये रोखे खरेदीची योजना जाहीर झाली. तिच्याखाली एकही रोखा कधी विकत घ्यावा लागला नाही, आणि वर्ष संपेपर्यंत स्पेनचे व्याज साडेपाचच्या खाली आले. उलट बाजू अमेरिकेची. १९७९ मध्ये पॉल व्होल्कर फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष झाले तेव्हा महागाई रोखू या आश्वासनावर कोणाचाच विश्वास उरला नव्हता. तो परत मिळवायला अल्पमुदतीचा दर वीस टक्क्यांच्या जवळ न्यावा लागला. घरबांधणीवाल्यांनी निषेध म्हणून त्यांना लाकडाचे तुकडे टपालाने पाठवले. १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्के झाली. महागाई १९८० मधल्या चौदाच्या वरून १९८३ पर्यंत चारच्या खाली आली, पण विश्वास नसल्याची किंमत अशी नोकऱ्यांत मोजावी लागली.

आपल्याकडे २०१६ मध्ये कायदा बदलून ४ टक्क्यांचे लक्ष्य ठरले, अधिक-उणे दोनची मुभा ठेवून. रेपो ठरवणारी सहा जणांची पतधोरण समिती आली. सलग तीन तिमाही सरासरी महागाई मर्यादेबाहेर राहिली तर सरकारला लेखी खुलासा द्यायचा, असा नियम आहे. २०२२ मध्ये तशी वेळ आली, पत्र गेले, पण ते जाहीर झाले नाही. माझ्या मते ती चूक होती. लोकांचा अंदाज ताळ्यावर आणण्यासाठीच लक्ष्य ठेवायचे, आणि ते हुकले की कारणे बंद लिफाफ्यात द्यायची, हे जुळत नाही.

नोटांबद्दल थोडक्यात. नाशिकरोडच्या कारखान्यात छापल्या जाणाऱ्या नोटांतल्या पुष्कळशा फाटक्या-मळक्या नोटांच्या जागी जातात. बाजारातला बहुतेक पैसा बँका कर्ज देतात तेव्हा खात्यात तयार होतो, कागदावर नाही. छापखान्याच्या पाळ्या मोजून महागाई कळणार नाही.

आता कर्ज. ‘थांबलो तर तोटा नाही’ हे तुमचे सगळ्यात महागडे गृहीतक आहे. व्यापारी बँकेकडून सूक्ष्म किंवा लघु उद्योगासाठी घेतलेले बदलत्या व्याजाचे कर्ज ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधावे लागते आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. म्हणजे आज कर्ज घेतले आणि उद्या रेपो उतरला, तर ती कपात जास्तीत जास्त तीन महिन्यांत तुमच्यापर्यंत येतेच. मग थांबून मिळवले काय? समजा मशीन ऑपरेटर, वीज, टूलिंगचा खर्च आणि कर्जाचा हप्ता जाऊन महिन्याला ६०,००० सोडते. सहा महिन्यांत तुम्ही ३ लाख ६० हजार घालवलेत. आणि वाट कशाची पाहत होतात, तर सात वर्षांत मिळून ८६,००० वाचवणाऱ्या अर्ध्या टक्क्याची. हातात ऑर्डर नसेल तर जरूर थांबा, पण मग कारण ऑर्डरचे आहे, रेपोचे नाही.

ही वाट तुम्ही एकटे पाहत नाही. अंबड-सातपूरच्या प्रत्येकाने ‘अजून उतरेल’ म्हणून खरेदी पुढे ढकलली, तर दरकपातीने मागणी वाढण्याऐवजी तेवढ्यापुरती आटते. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने एकदम अर्धा टक्का कापला, रोख राखीव प्रमाणही (ठेवींचा जो हिस्सा बँकांना रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो) टप्प्याटप्प्याने एक टक्क्याने कमी केले, आणि सोबत सांगितले की आता आणखी मदतीला वाव फार कमी आहे. जे द्यायचे ते आत्ताच देतो, थांबू नका, असा त्याचा अर्थ घेता येतो. पण रोखेबाजाराने त्यातले दुसरेच वाक्य उचलले: कपाती संपल्या. धोरणाची भूमिका ‘तटस्थ’ झाली, म्हणजे पुढे दर उतरतीलच असा इशारा उरला नाही, आणि दर उतरूनही दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा पुढच्या आठवड्यांत वर सरकला. सिंहस्थ २०२७ चा आहे हे नाशिकला आधीपासून ठाऊक असते, म्हणून जागेवाला भाव वाढवायला २०२७ उजाडायची वाट पाहत नाही. बाजारही पुढच्या कपातीचा भाव आधीच लावून बसतो, आणि पुढचे काही नाही असे ऐकले की तो काढून घेतो. गंमत म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये रेपो पुन्हा पाव टक्का उतरून ५.२५ झालाच. म्हणून बँकेचे ‘आता वाव कमी’ किंवा ‘दर इथेच राहतील’ हे वाक्य शपथ म्हणून घेऊ नका. आजच्या आकड्यांवरून आज दिलेला अंदाज, एवढीच त्याची किंमत धरा.

रेपो तुमच्या हातात नाही. त्यावर बँक लावते तो जादा टक्का मात्र घासाघीस करण्याजोगा आहे. रेपो ५.२५ आणि तुमचा दर ९.७५ असेल तर तो साडेचार टक्के आहे. उद्यम नोंदणी, तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटी विवरणे आणि दुसऱ्या बँकेचे लेखी मंजुरीपत्र पुढे ठेवलेत तर तोच अर्धा टक्का आज मिळू शकतो. मंजुरीपत्रात चार गोष्टी शोधा: दर कोणत्या बाहेरच्या दराला बांधला आहे, जादा टक्का किती, दर बदलण्याची तारीख कोणती, प्रक्रिया शुल्क किती. सहकारी बँक किंवा बिगर-बँकिंग वित्तसंस्थेवर रेपोला बांधण्याची हीच सक्ती नाही. तिथे दर तिच्या स्वतःच्या मूळ दराला बांधलेला असू शकतो आणि रेपोची कपात दारातच अडकते. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या व्याजाच्या व्यवसायकर्जावर व्यापारी बँकांना व्यक्ती आणि सूक्ष्म-लघु उद्योगांकडून मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेता येत नाही. त्यामुळे बँक पुढे दर देईना, तर कर्ज दुसरीकडे हलवणे पूर्वीइतके महाग उरलेले नाही.

एक उलटी चाचणी मात्र करा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो ४ वरून ६.५० वर गेला होता. तसेच अडीच टक्के तुमच्या कर्जावर चढले तर हप्ता ७१,१५० च्या आसपास जाईल, आजच्यापेक्षा सव्वापाच हजार जास्त. मंदीच्या महिन्यातही तेवढा हप्ता निघत असेल तर मशीन घ्या. निघत नसेल तर किंमत कमी असलेले किंवा वापरलेले मशीन बघा, रेपोकडे बघून उपयोग नाही.

पगारवाढीला जास्त वेळ द्या. कामगारांसमोर देशाचा आकडा ठेवू नका, त्यांचा त्यावर विश्वास नाही आणि त्यांच्या घरखर्चाशी तो तंतोतंत जुळतही नाही. श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी वेगळा निर्देशांक काढते आणि त्याच्या भावनोंदणीच्या केंद्रांत नाशिक आहे. मागच्या पगारवाढीच्या महिन्याचा नाशिकचा आकडा आणि आजचा आकडा काढा. राज्य सरकार किमान वेतनावरचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलते, त्याची अधिसूचनाही समोर ठेवा.

मग १२ टक्क्यांचे तीन तुकडे करा. पहिला, मागची थकबाकी. समजा तीन वर्षांत निर्देशांक १३ टक्के वाढला आणि तुम्ही मिळून ९ दिलेत, तर ११३ भागिले १०९, म्हणजे सुमारे ३.७ टक्के कामगारांचे येणे आहे. ते वाद न घालता द्या, कारण तो झालेला खर्च आहे. दुसरा तुकडा पुढच्या वर्षाच्या अंदाजाचा. धास्ती इथेच लपलेली असते. तिथे रिझर्व्ह बँकेचे ४ टक्क्यांचे लक्ष्य धरा आणि एक हमी लिहून द्या: सहा महिन्यांत निर्देशांक ३ टक्क्यांहून जास्त वाढला, तर वरची वाढ सातव्या महिन्यापासून पगारात येईल, आणि कमी वाढला तर काही कापले जाणार नाही. माणूस १२ मागतो तेव्हा त्यातले काही टक्के विम्याचा हप्ता असतात, ‘वर्षभरात भाव भडकले तर मला कोण विचारणार’ याचा. हमी दिली की तो भाग सोडायला तो तयार होतो. मात्र दर महिन्याला आपोआप पगार निर्देशांकामागे नेऊ नका. ते सगळ्यांनी केले तर कांद्याचा एक हंगामी झटका वर्षभर फिरत राहतो. तिसरा तुकडा कौशल्याचा. व्हीएमसी चालवणारा चांगला सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा कारागीर) दुसरीकडून बोलावणे आले म्हणून मागत असेल, तर त्याचा महागाईशी संबंध नाही. त्याला वेगळे आणि जास्त द्या. सगळ्यांना सरसकट १२ देऊन त्याला अडवणे हा सगळ्यात खर्चिक मार्ग आहे.

पोलादवाल्याकडून दोन कोटेशन मागा, एक सात दिवसांचे आणि एक तीन महिने बांधलेले. समजा दुसरे चार टक्क्यांनी महाग आले, तर ते चार टक्के त्याच्या भीतीचा भाव आहे. ती भीती विकत घ्यायची की स्वतः पेलायची हे तुमच्या ऑर्डरवर ठरेल. कंपनीशी दर तिमाहीला आरएम सेटलमेंट (कच्च्या मालाच्या भावफरकाचा हिशेब) होत असेल तर सात दिवसांचे घ्या, कच्च्या मालाची चढ-उतार तशीही पुढे जाते. तिथे बहुतेकांची चूक वेगळीच असते. पोलादाचे कलम असते, मजुरी आणि विजेचे नसते. पुढच्या रेट कॉन्ट्रॅक्टला दराचे तुकडे पाडून द्या, उदाहरणार्थ माल ५५ टक्के, मजुरी २०, वीज १०, उरलेले १५ स्थिर, आणि मजुरी-विजेचा भाग वर्षातून एकदा बदलण्याची अट घाला. कंपनीचा खरेदी विभाग लगेच मानणार नाही. पण हा तक्ता नसला की तुम्ही धास्तीने सरसकट पाच टक्के चढवता आणि ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते.

सोन्याचे थोडक्यात. २०१२-१३ मध्ये ठेवींचे व्याज महागाईने खाऊन टाकले तेव्हा लोक सोन्याकडे वळले, ते शहाणपणाचेच होते. ठेवीचा दर महागाईपेक्षा दोन-तीन टक्के वर असताना तेच कारण लावता येत नाही. सराफ बाजारात जायचेच असेल तर घरातल्या लग्नासाठी जा. युनिटचे तीन महिन्यांचे पगार आणि हप्ते भागतील एवढी रक्कम मात्र त्याआधी मुदत ठेवीत बाजूला काढा, आणि ती एका पावतीत न ठेवता तीन पावत्यांत ठेवा, म्हणजे अडीनडीला एकच मोडावी लागेल.